अनारशाची खसखस आणि सीलबंद बाटली

तेलवाहू जहाजांवर सेकंड इंजिनिअर म्हणून काम करताना मी आजवर किती बंकर सॅम्पल सील केली असतील, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. जहाज इंधन भरून घेते तेव्हा पाइपाच्या तोंडाशी लावलेल्या सॅम्पलरमधून भरणी संपेपर्यंत थेंब थेंब तेल गोळा होत राहते, ते हलवून बाटल्यांत भरले जाते, दोन्ही बाजूंचे लोक समोर उभे असताना सील लागते आणि त्या सीलचे क्रमांक डिलिव्हरी नोटवर लिहिले जातात. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाप्रमाणे हा नमुना ४०० मिलिलिटरपेक्षा कमी असून चालत नाही आणि तो निदान १२ महिने जपून ठेवावा लागतो. सीलचा एक आकडा नोटेवर चुकला तरी पुढे कोणत्याही वादात ती बाटली कवडीमोल ठरते, हे आम्हांला नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते. जाळायच्या तेलाची एवढी काळजी घेणाऱ्या धंद्यात माझ्या स्वतःच्या लघवीचा नमुना मात्र गेल्या दिवाळीनंतर एका क्लिनिकच्या काउंटरवर झाकणाविना वीस मिनिटे उभा होता, आणि त्यातून जे निघाले ते निस्तरण्यात माझे पाच दिवस आणि एक जहाज गेले.

जहाजावर रुजू होण्यापूर्वी मेडिकल होते आणि त्यातच अमली पदार्थांची व मद्याची चाचणी होते. टँकरच्या धंद्यात ही चाचणी विशेष गांभीर्याने घेतात. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' खडकावर चढले, तेव्हा कप्तानाच्या मद्यपानाची चर्चा जगभर झाली; नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून तो पुढे न्यायालयात सुटला, पण धंद्याची रीत बदलायची ती बदललीच. तेल कंपन्यांच्या ओसीआयएमएफ या संघटनेने १९९५ साली जहाजावरील अमली पदार्थ आणि मद्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आता न सांगता होणारी तपासणी आमच्या अंगवळणी पडली आहे. मी दारू पीत नाही आणि सिगारेटही ओढत नाही, त्यामुळे या चाचणीकडे मी कधी लक्षच दिले नव्हते.

मेडिकल सोमवारी सकाळी होते आणि आदल्या दिवशी भाऊबीज होती. ताई ठाण्याला नौपाड्यात राहते. तिच्याकडे दुपारी मटण होते, ज्याच्या वाटणात ती सढळ हाताने खसखस घालते, आणि संध्याकाळी चहाबरोबर आईने पाठवलेले अनारसे होते. आईचे अनारसे म्हणजे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवून, कुटून, गुळात मळून ठेवायचे आणि मग खसखशीच्या थरावर थापायचे. ते तुपात एकाच बाजूने तळतात. खसखशीची बाजू वर राहते आणि तिच्यावर झाऱ्याने फक्त तूप उडवायचे असते. मी त्यांतले सहा खाल्ले. रात्रीच्या ठाणे-नेरुळ लोकलने घरी आलो आणि रक्ततपासणी असल्यामुळे त्यानंतर काही न खातापिता झोपलो.

क्लिनिकमध्ये एक हसतमुख मुलगा होता. त्याने कप दिला, कपावर मार्करने माझे आडनाव लिहिले आणि स्वच्छतागृहाकडे बोट दाखवले. कपाच्या आतल्या बाजूला पट्ट्या होत्या, प्रत्येक पदार्थासाठी एक. मी कप काउंटरवर ठेवला आणि एक्स-रेच्या रांगेत जाऊन बसलो. वीसेक मिनिटांनी त्या मुलाचे हसू मावळलेले दिसले. पाच पट्ट्यांवर गुलाबी रेघा उमटल्या होत्या आणि 'ओपीआय', म्हणजे ओपिएट किंवा अफूच्या कुळातले पदार्थ, असे लिहिलेल्या पट्टीवर वरची नियंत्रण रेघ तेवढी होती, खालची नव्हती. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, पण या पट्ट्यांत रेघ उमटली तर पदार्थ नाही आणि रेघ उमटली नाही तर पदार्थ आहे, असा अर्थ असतो. नमुन्यातला पदार्थ आणि पट्टीवर चिकटवलेला पदार्थ दोघेही एकाच प्रतिपिंडावर हक्क सांगत असतात. नमुन्यातल्या पदार्थाने ती जागा आधीच अडवली, तर पट्टीवर रंग धरायला काही उरत नाही.

त्या मुलाने मला काहीही न विचारता रजिस्टरमध्ये लाल शाईने 'पॉझिटिव्ह' लिहिले. मी एक्स-रेच्या खोलीत असताना जहाजांना माणसे पुरवणाऱ्या माझ्या मॅनिंग कंपनीला फोनही गेला. मी बाहेर आलो तेव्हा क्रूइंगच्या मॅडम माझ्या फोनवर होत्या. त्या ओरडल्या नाहीत, उलट फार हळू बोलल्या, आणि ते मला जास्त लागले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की नमुना पक्क्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाईल आणि तोवर तिकीट थांबेल.

खारघरला माझे एक जुने कप्तान राहतात. निवृत्त होऊन आता आठ वर्षे झाली, पण अडचणीत आम्ही त्यांनाच फोन करतो. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "कप कुठे आहे?" मी म्हणालो, काउंटरवर. "झाकण? सील? तुझी सही?" यांतले काहीच नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "मग तो कप तुझा आहे हे कोण सिद्ध करणार, आणि तुझा नाही हे तरी कोण सिद्ध करणार? तो पाठवू देऊ नकोस. आजच्या आज प्रयोगशाळेत स्वतः जा आणि सीलबंद नमुना दे. दोन दिवसांनी दिलास तर अंगातले निघून जाईल आणि लोक म्हणतील, थांबला म्हणून सुटला." शेवटच्या वाक्याने मी भानावर आलो. मॉर्फीनच्या कुळातले पदार्थ लघवीत साधारण एक-दोन दिवस सापडतात. उशीर माझ्या फायद्याचा दिसत होता आणि म्हणूनच तो माझ्या विरुद्ध गेला असता. मी मॅडमना तसे लेखी कळवले. त्यांनी अर्ध्या तासात महापे येथील एका प्रयोगशाळेच्या नावाने पत्र दिले, हा त्यांचा मोठेपणा मी विसरलेलो नाही.

कोपरखैरणे स्थानकावरून रिक्षाने मी तिथे पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या मधली ती साधी दुमजली इमारत होती. नमुना घेणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांनी आधी माझे सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, मागितले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, क्रमांक अर्जावर लिहिला आणि तो मला मोठ्याने वाचून दाखवला. "सर, जॅकेट काढा, खिसे इथे ट्रेमध्ये रिकामे करा, पाकीट तुमच्याकडेच राहू द्या, आणि माझ्यासमोर हात धुवा." त्यानंतर नमुना देऊन होईपर्यंत हात धुण्याची परवानगी नव्हती. स्वच्छतागृहात नळाला चिकटपट्टी लावली होती आणि कमोडमधले पाणी निळे होते. कुणी त्यातले पाणी नमुन्यात मिसळले तर रंगावरून कळावे, म्हणून तो निळा रंग. दाराबाहेर ते घड्याळ बघत उभे राहिले.

मी कप आणून त्यांच्या हातात दिला. कपाच्या बाहेरच्या बाजूला तापमान दाखवणारी एक लहान पट्टी होती. तिच्यावर ३५चा आकडा हिरवा झालेला त्यांनी मला दाखवला आणि अर्जावर खूण केली. ताजा नमुना चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असावा लागतो. खिशात लपवून आणलेली दुसऱ्याची लघवी बहुधा इथेच पकडली जाते. मग माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी कपातले ३० मिलिलिटर एका बाटलीत आणि १५ मिलिलिटर दुसऱ्या बाटलीत ओतले. पहिली बाटली 'अ', दुसरी 'ब'. अर्जाला जोडलेल्या पट्ट्या सोलून त्यांनी दोन्ही बाटल्यांच्या झाकणांवरून खालपर्यंत चिकटवल्या. त्या पट्ट्या उचलायला गेले तर फाटतात, पुन्हा चिकटत नाहीत. "आता यांवर तुमची आद्याक्षरे आणि तारीख घाला. बाटलीवर चिकटल्यावरच घालायची, आधी नाही." मी सही केली, अर्जावरचा क्रमांक आणि बाटल्यांवरचे क्रमांक ताडून पाहिले, आणि तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा माझा श्वास जागेवर आला. हे सगळे मी शेकडो वेळा केले होते, फक्त बाटलीत तेल असायचे.

'ब' बाटली माझ्यासाठी असते, हे मला त्यांनीच सांगितले. 'अ'चा निकाल मला मान्य नसेल तर 'ब' न उघडता दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी मी करू शकतो. अर्जाच्या खालच्या भागात एक तक्ता होता: नमुना कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, कशासाठी. बाटली ज्या ज्या हातातून जाईल त्या प्रत्येकाने तिथे सही करायची. 'चेन ऑफ कस्टडी' म्हणतात ते हेच. त्यांनी एक आकडा चुकून लिहिला होता. त्यावर एकच आडवी रेघ मारली, चुकलेला आकडा वाचता येईल अशी, बाजूला बरोबर आकडा लिहिला आणि शेजारी सही व तारीख केली. ही गोष्ट मी लक्षात ठेवली.

रिक्षात असताना एका मित्राने फोनवर सल्ला दिला होता की दोन-तीन लिटर पाणी पिऊन जा, सगळे धुऊन निघेल. असे करू नये. प्रयोगशाळा नमुन्यातले क्रिएटिनिन आणि विशिष्ट गुरुत्वही मोजते. क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि गुरुत्व १.००३०पेक्षा कमी निघाले तर नमुन्यावर 'पातळ' असा शेरा पडतो, आणि निर्दोष माणूस विनाकारण संशयित दिसू लागतो. ज्याला लघवी होत नसेल त्यालाही तीन तासांत सव्वा लिटरच्या आतच पाणी देतात.

घरी आल्यावर आईला सांगणे हा वेगळाच प्रसंग होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मी तुला अफू घातली होय रे?" एका अर्थी ते खरे होते. खसखस ही अफूच्याच बोंडातली बी. बियांच्या आत मॉर्फीन जवळजवळ नसतेच. बोंडाचा चीक काढताना आणि बोंडे फोडताना तो बियांना बाहेरून लागतो. किती लागतो ते पिकाच्या जातीवर, कापणीवर आणि बी किती धुतली त्यावर ठरते, म्हणून एका पुडीतली खसखस निरुपद्रवी आणि दुसऱ्या पुडीतली पट्टीवरची रेघ पुसणारी असू शकते. आपल्याकडे मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफूची शेती होते आणि बी उघड बाजारात येते. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचा रोख बीवर नाही. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत मात्र हीच खसखस सामानात सापडली तर तुरुंगाची भाषा होते. अमिरातीतल्या फुजैराला जहाज धरायला जाणाऱ्या खलाशांच्या बॅगेतून बायका मसाल्याचे डबे काढून घेतात, ते याच धास्तीने. हे मला ठाऊक होते. पोटातली खसखस मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती.

बुधवारी कंपनीच्या वैद्यकीय परीक्षकांचा फोन आला. प्रयोगशाळेचा आकडा आला की तो थेट कंपनीकडे न जाता आधी अशा डॉक्टरकडे जातो, आणि ते उमेदवाराशी बोलून त्याचा अर्थ लावतात. त्यांनी क्रमाने विचारले: खोकल्याचे औषध घेतले का, त्यात कोडीन होते का, दातावर उपचार झाले का, कोणती वेदनाशामक गोळी. कोडीनचे शरीरात काही प्रमाणात मॉर्फीन होते, म्हणून हा प्रश्न आधी येतो. चिठ्ठी असेल तर ती पाहतात. मी सगळ्याला नाही म्हटले आणि अनारशाचे सांगितले. ते तमिळ होते. अनारसा म्हणजे काय हे मी तांदूळ-गुळापासून समजावू लागलो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवले: "म्हणजे आमचे अधिरसम. पण त्यावर खसखस नसते." "आमच्याकडे असते, सर," मी म्हणालो. किती खाल्ले, कधी खाल्ले, मटणात किती होती, हे त्यांनी शांतपणे लिहून घेतले.

शुक्रवारी मी अहवाल आणायला महाप्याला गेलो. तिथल्या गुणवत्ता विभागाच्या बाई ठाण्याच्याच निघाल्या आणि मी इंजिनिअर आहे म्हटल्यावर त्यांनी काचेपलीकडून मला यंत्रे दाखवली. पहिली चाळणी यंत्रावरच्या इम्युनोअ‍ॅसेने, म्हणजे कपातल्या पट्टीसारख्याच प्रतिपिंडांच्या चाचणीने होते. ती वेगवान असते पण कुळ ओळखते, माणूस ओळखत नाही; मॉर्फीन, कोडीन आणि त्यांची शरीरात बदललेली रूपे यांना ती एकाच नावाने हाक मारते. म्हणून तिच्यात जे अडकते ते जीसी-एमएसवर, म्हणजे पदार्थ एकमेकांपासून वेगळे करून रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर जाते. तिथे आधी नमुन्यातले मॉर्फीन ग्लुकुरोनाइडच्या बंधनातून सोडवतात, कारण शरीराने त्यातले बरेचसे तसे बांधून बाहेर टाकलेले असते. मग ते वेगळे काढून, वायुरूपात जाईल असे रूपांतर करून यंत्रात सोडतात. प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच ठरावीक प्रमाणात 'जड' मॉर्फीन मिसळलेले असते, ज्याच्या तीन हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवलेले असते. वाटेत जेवढे मॉर्फीन हरवेल त्याच प्रमाणात हे जड मॉर्फीनही हरवते, त्यामुळे दोघांचे गुणोत्तर घेतले की मूळ आकडा मिळतो. ही युक्ती मला इतकी आवडली की मी बाईंना ती दोनदा सांगायला लावली.

त्यांचे खरे कौतुक मात्र नियंत्रण नमुन्यांचे होते. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चाळणीच्या प्रत्येक तुकडीत निदान १० टक्के नमुने प्रयोगशाळेने स्वतः घातलेले असतात: काही कोरे, काही मर्यादेच्या २५ टक्के वर, काही २५ टक्के खाली. खालचा खाली आणि वरचा वर लागला नाही, तर सबंध तुकडी बाद. यंत्राच्या शेजारच्या भिंतीवर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे प्रमाणपत्र होते, आयएसओ १५१८९ या मानकाचे, पण त्याकडे बोट न दाखवता बाईंनी मला त्या दिवसाचा नियंत्रण आलेख दाखवला.

मग आकड्यावर आलो. माझ्या दुपारच्या नमुन्यात मॉर्फीन मिलिलिटरला ४६० नॅनोग्रॅम निघाले होते. कोडीन नोंदवण्याच्या मर्यादेखाली होते. सहा-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फीन नव्हते, आणि ते फक्त हेरॉइनमधूनच येते. कंपनीच्या धोरणात ओपिएटची मर्यादा २००० नॅनोग्रॅम होती, त्यामुळे चाळणीतच माझा नमुना निगेटिव्ह ठरला होता. पुढचे मोजमाप सकाळच्या गोंधळामुळे कंपनीने मुद्दाम मागवले होते. क्लिनिकचा कप ३००चा होता. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने १९८८ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा ही मर्यादा ३००च होती. खसखस आणि औषधे यांमुळे विनाकारण अडकणाऱ्यांची संख्या पाहून १९९८च्या अखेरीस ती २००० केली गेली. जुन्या मर्यादेचे कप अजून विकले जातात आणि दवाखान्यातल्या निदानासाठी त्यांचा उपयोगही आहे. नोकरीच्या निकालासाठी कोणता कप मागवायचा, हे पाहणे क्लिनिकचे काम होते.

माझ्या भाषेत मांडायचे तर मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम म्हणजे २ पीपीएम, दहा लाख भागांत दोन भाग. इंजिन रूममधल्या, पाण्यातून तेल वेगळे करणाऱ्या ऑइली वॉटर सेपरेटरची मर्यादा १५ पीपीएम असते. १४ पीपीएमचे पाणी समुद्रात जाते तेव्हा त्यात तेल नाही असे कुणी म्हणत नाही, आणि ते सोडणाऱ्या इंजिनिअरला कुणी गुन्हेगारही म्हणत नाही.

निगेटिव्हचा अहवाल मॅडमना दुपारी मिळाला आणि त्यांनी लगेच फोन केला. पण तोवर माझ्या जागी दुसऱ्या माणसाचे तिकीट निघाले होते. मला साडेतीन आठवड्यांनी दुसरे जहाज मिळाले. तेवढ्या दिवसांचा पगार बुडाला, त्याविषयी कुणी काही बोलले नाही आणि मीही विचारले नाही.

त्या आधी सोमवारी मी पुन्हा क्लिनिकमध्ये गेलो. अहवालाची प्रत दाखवून, रजिस्टरमधली माझी नोंद दुरुस्त करा, असे लेखी दिले. डॉक्टरांनी वाचले, दिलगिरी व्यक्त केली आणि त्या मुलाला बोलावले. त्याने रजिस्टर उघडले, माझे आडनाव शोधले आणि ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढून झाकण फिरवू लागला. मी म्हणालो, ते नको. लाल शब्दावर एकच आडवी रेघ मार, तो वाचता आला पाहिजे. बाजूला खरा निकाल आणि अहवालाचा क्रमांक लिही, खाली आजची तारीख घाल आणि सही कर. त्याने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्याने फूटपट्टी मागवून घेतली आणि रेघ मारली.